एकेचाळिसावी नळी

प्रयोगशाळेच्या पडवीत टेबल मांडलं होतं. त्यावर शेंगतेलाचा पाच लिटरचा, आरपार दिसणारा प्लॅस्टिकचा रिकामा डबा होता, सोड्याने तीनदा धुतलेला. एक ॲल्युमिनियमचं घमेलं. सव्वा मीटर रबरी नळी. दोन अर्ध्या विटा. काठाचा टवका उडालेलं, शंभर मिलिलिटरचं एक मोजपात्र. कागदाच्या पुडीत चिमूटभर पोटॅशियम परमँगनेट. आणि स्टीलच्या ताटात, उकळून पंचावर वाळवलेल्या, बॉलपेनच्या एकेचाळीस रिकाम्या नळ्या. नववीच्या पटावर एकेचाळीस नावं होती आणि त्या दिवशी कोणीच गैरहजर नव्हतं.

तास संपला तेव्हा ताटात एक नळी उरली होती.

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. मी भौतिकशास्त्र घेऊन नुकतीच बीएस्सी झाले होते आणि जत तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत तासिकेवर लागले होते. जीवशास्त्राच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि श्वसनाचा धडा माझ्या वाट्याला आला. फुप्फुसाची आकृती फळ्यावर काढून मुलं ती वहीत उतरवत बसली असती. मला ते बघवेना. म्हणून हा डबा.

आदल्या दिवशी मुलांनी मोजपात्राने शंभर-शंभर मिलिलिटर पाणी ओतून डब्यावर पन्नास खुणा केल्या होत्या. आता तो गुलाबी पाण्याने काठोकाठ भरायचा, तोंडावर तळहात दाबून घमेल्यातल्या पाण्यात उलटा करायचा, विटांवर टेकवायचा आणि खालून रबरी नळी आत सरकवायची. नळीच्या दुसऱ्या टोकाला ज्याची त्याची पेनची नळी. छातीभर श्वास घ्यायचा आणि तो सगळा आत सोडायचा. हवा डब्यात वर चढते, तेवढंच पाणी खाली उतरतं. किती उतरलं ते खुणेवर वाचायचं.

डबा उलटा झाला तेव्हा पहिला प्रश्न संपत तांबवेने विचारला. तो शाळेच्या कबड्डी संघाचा चढाईवाला होता आणि सगळ्यांच्या आधी बोलायचा.

"बाई, आतलं पाणी खाली का पडत न्हाई?"

"बाहेरची हवा घमेल्यातल्या पाण्यावर दाबून बसलीय म्हणून."

"कवाधरनं?"

"कायमची."

"आन् ती दमत न्हाई व्हय?"

"तू फुंक. बघू कोण दमतंय."

संपतने बाह्या सरसावल्या, मैदानात शिरताना टेकवतो तसा हात जमिनीला टेकवून कपाळाला लावला आणि फुंकायला सुरुवात केली. बुडबुड्यांचा आवाज ऐकून त्यालाच हसू आलं. निम्मी हवा बाहेर सांडली. एक लिटर चारशे.

"आरं, एवढ्याच दमावर तू रेघेपर्यंत जातोस व्हय?" रेहाना मुलाणी म्हणाली. ती वर्गातली सगळ्यात बारीक मुलगी. तिने दोन लिटर सहाशे करून दाखवले आणि ओढणी झटकून बाजूला झाली. मग संपतने पुन्हा मागितलं, न हसता, आणि तीन लिटर दोनशे केले. तो आकडा त्या दिवसभर कोणाला ओलांडता आला नाही. मुलींची सरासरी फळ्यावर काढली, ती आली दोन लिटर दोनशे.

रांग संपली. ललिता गेजगे पडवीच्या पायरीवर बसून होती.

"ललिता, ये. तुझी नळी राहिली."

ती उठली नाही. शेजारच्या दोघी-तिघी एकदम बोलल्या, आणि त्यात टोमणा नव्हता. कोणाच्या चपलेचा नंबर सांगावा तसं सांगितलं.

"तिला नगं, बाई. तिचं एक फुप्फुस गेलंया."

"पीटीचे खोतसर तिला पळाया बी लावत न्हाईत."

"नऊ वर्सांची हुती तवा टीबी झालती तिला. आता बरी हाय, पर फुप्फुस गेलं."

मी ललिताकडे पाहिलं. काळीसावळी, उंचीने बेताची, वेण्या कानामागे घट्ट बांधलेल्या. ती माझ्याकडे नाही, डब्याकडे बघत होती.

"मला आप्पांनी फुंकायचं न्हाई म्हणून सांगितलंय, बाई."

"काय फुंकायचं नाही?"

"काय बी."

घंटा झाली.

शाळा सुटल्यावर मी पडवीत नळ्या धूत बसले होते. ललिता दप्तर घेऊन परत आली आणि टेबलापाशी उभी राहिली.

"बाई, माझं मोजा. पर कुणाला सांगू नगा."

"आप्पांनी मना केलंय ना?"

"मोजायला न्हाई केलं."

खरं तर मी तिला परत पाठवायला हवं होतं. पण ती गेली पाच वर्षं ठणठणीत आहे, औषधांचा कोर्स पुरा झाला आहे, हे मी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांना विचारून घेतलं होतं. एक श्वास सोडणं हे तर गाणं म्हणण्यापेक्षा कमीच. मी डबा भरला, उलटा केला आणि तिला उरलेली नळी दिली.

तिने श्वास घेतला तो इतका सावकाश, की घेतला असं वाटलंच नाही. बुडबुडे निघाले. सगळ्यांचे भसाभस निघाले होते; हिचे एका आकाराचे, एकामागून एक, माळ ओवल्यासारखे. पाणी एक लिटरच्या खुणेखाली आलं. दीड. दोन. सरासरी ओलांडली. तीन लिटर आले तेव्हा मी स्टुलावरून उठले. संपतचे तीन-दोनशे मागे पडले. चार.

मी वाकून नळी तपासली. कुठे चीर असेल, बाहेरची हवा आत जात असेल. चीर नव्हती. विटा हलल्या नव्हत्या. साडेचार. मग पाच, आणि डब्यात जागाच उरली नाही म्हणून बुडबुडे काठाखालून निसटून घमेल्यात फुटू लागले. मुलगी चालूच.

चौदा वर्षांच्या, दीड मीटर उंचीच्या मुलीच्या छातीत पाच लिटर हवा मावत नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गाल फुगलेले होते, आणि मधूनच नाकपुड्या जराशा मिटत होत्या, वास घेतल्यासारख्या.

"थांब!"

ती थांबली. दम लागलेला नव्हता.

"तू मधे श्वास घेतलास?"

"व्हय."

"कधी?"

"फुंकतानाच."

"फुंकताना घेतलास?"

"नाकानं घ्यायचा, बाई. तवर गालातला सोडत ऱ्हायचा." आणि मग जरा ओशाळून, "नळी तोंडात आली की माझं आपोआप असंच हुतंय."

मग तिने सांगितलं. तिचे वडील मायाप्पा गेजगे पंचक्रोशीत सनईसाठी नावाजलेले. सनईबरोबर आणखी एक सनई लागते. ती नुसता एकच सूर धरून बसते, गाणं संपेपर्यंत. तिलाच सूर म्हणतात. तो सूर तिचे धाकटे काका धरायचे. काकांनी तिला गंमत म्हणून पपईच्या पानाचा पोकळ देठ आणि तांब्याभर पाणी दिलं होतं. देठातून पाण्यात फुंकायचं. बुडबुडे तुटले की हरलीस. ती तेव्हा दहा वर्षांची होती. गेल्या दिवाळीत काका कंपनीत लागून पुण्याला गेले, पण तिचं फुंकणं थांबलं नाही.

मला हसू आवरेना. तिला वाटलं मी चिडले.

"अगं, गावच्या पाण्याच्या टाकीचं माहीत आहे ना? मोटार बंद असते तेव्हा नळ का चालतो?"

"टाकीत साठा असतुया."

"तुझे गाल म्हणजे टाकी. मोटार श्वास घ्यायला थांबते तेवढ्यात टाकी नळ चालू ठेवते. पण मला टाकी मोजायची नव्हती, मोटार मोजायची होती. आता नाक धरून फुंक."

तिने डाव्या हाताने नाक चिमटीत धरलं. दोन लिटर तीनशे. आम्ही आणखी दोनदा मोजलं. दोन लिटर अडीचशे. दोन लिटर तीनशे.

तिने खूण स्वतः वाचली, बोट लावून.

"म्हंजी किती फुप्फुसं, बाई?"

"एका फुप्फुसाच्या मुलीला एवढी हवा भरणं अवघड आहे. तुझी हवा वर्गातल्या मुलींच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. पण हा डबा फक्त हवा मोजतो, ललिता. आत काय आहे ते त्याला दिसत नाही."

तिने खुणेवरचं बोट काढलं. मग म्हणाली, "आप्पा ह्या लग्नसराईनंतर सनई खुंटीला टांगणार हायेत. सुराबिगर कोण बोलवत न्हाई. जतचा एक गडी बघितला, तर त्येचा सूर मधीच तुटतुया. मी धरते म्हणलं, तर चार दिस माझ्याशी बोलले न्हाईत." दप्तराचा पट्टा तिने दोनदा पिळला. "तुमी सांगा की त्येंना. तुमचं ऐकतील. तुमी डबा घिऊन या."

रविवारी सकाळी मी सायकलच्या कॅरियरला घमेलं बांधलं, हँडलला डबा अडकवला आणि गेजग्यांच्या घरी गेले. गावाच्या टोकाला पत्र्याचं घर, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात पपईचं झाड. झाडाची खालची पानं देठासकट गेलेली होती आणि उरलेली वर शेंड्याला जाऊन बसली होती. ललिताची आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी झाडाकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

"शेरडं खात्यात असं ह्येंचं म्हणनं हाय," ती हळूच म्हणाली. "आमच्यात शेरडं न्हाईत."

मायाप्पा बाहेर आले. पन्नाशीचे, शिडशिडीत, मिशा पांढऱ्या, पटका नीट बांधलेला. मला बसायला पोतं अंथरलं आणि माझं सगळं बोलणं मान खाली घालून ऐकून घेतलं. दोन लिटर तीनशेपाशी मी थांबले तेव्हा ते म्हणाले,

"बाई, लिटर दुधाचं असतंय."

"हवेचंही असतं."

"असंल. सुराला लिटर लागत न्हाई. ही पोरगी सूर धरती ते मला ठाव हाय. मी बाहेरगावी गेलो की मायलेकी काय करत्यात ते सगळ्या आळीला ऐकू जातंय."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

"मग अडचण काय आहे?"

"अडचण हाय." त्यांनी डब्याकडे बोट केलं. "ह्यात मी फुंकलं तर?"

मी डबा भरला. तोवर आळीतली पाच-सहा माणसं आणि पोरं अंगणाच्या कडेला जमली होती. मायाप्पांनी नळी तोंडात धरली आणि डोळे मिटले. पुढचं मला आता पाठ होतं: एका आकाराचे बुडबुडे, नाकपुड्या जराशा मिटणं, आणि पाच लिटर संपूनही चालूच. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"आता नाक धरून," मी म्हणाले.

"नाक धरून कोण सनई वाजवतंय?"

"सनई नाही वाजवायची. छाती मोजायची आहे."

त्यांनी पटका मागे सारला आणि नाक धरलं. दोन लिटर शंभर. पाणी थांबल्यावर ते खुणेकडे बघत राहिले. "डबा फुटकाय," म्हणाले. पुन्हा भरला. दोन लिटर दीडशे. तिसऱ्या वेळेला पुन्हा शंभर, आणि वर खोकला.

"पोरीचं किती म्हणला?"

"दोन लिटर तीनशे."

"म्हंजी माझीच छाती गेली म्हणा की!"

"वढा बिड्या आनखी," आतून बायकोचा आवाज आला.

सगळे हसले. मायाप्पाही हसले, पण त्यांचं हसू लवकर संपलं. त्यांनी पोरांना हाकललं, माणसांना "काय तमाशा हाय का हितं?" म्हणून वाटेला लावलं आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. ललिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला त्यांनी आत जा म्हटलं नाही.

"माझा थोरला भाऊ सिद्राम. आमच्यात सनई त्योच वाजवायचा. मी सूर धरायचो. एका लग्नात, मारुतीपासनं मांडवापर्यंत निघालो हुतो. आमच्या हिकडं रीत हाय बाई, नवरदेव देवळातनं निघाला की मांडवाच्या दारापर्यंत सूर तुटला न्हाई पायजे. तुटला तर लोक अपशकुन धरत्यात. वाटंत सिद्राम खाकरला. सनई थांबली. मला वाटलं, ठसका लागला असंल, यील मागनं. मी सूर धरून चालतच ऱ्हायलो. दारात पोचल्यावर मागं बघितलं. त्यो चावडीच्या कट्ट्यावर बसला हुता, आन् धोतरावर सगळं रगत."

त्यांनी जमिनीवरची एक काडी उचलली.

"त्यो वरीसभर बी जगला न्हाई. आन् ही नऊ वर्सांची असताना अशीच रगत थुकली. ह्याच अंगणात." त्यांनी बोटाने जागा दाखवली. "औषध दिलं सरकारनं, बरी झाली, मला काय कमी वाटतंय व्हय त्येचं? पर तुमचा डबा सांगतुय का, हिला फुंकताना तसं हुनार न्हाई म्हणून?"

मला हो म्हणता आलं असतं. ललिता माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "डबा ते सांगू शकत नाही."

"मग कोण सांगतंय?"

"छातीचा फोटो काढावा लागेल. तो बघून डॉक्टर सांगतील. पाच वर्षांत काढलाय का कधी?"

"बरी झाली म्हणल्यावर कशाला काढतुय?"

"मग कोणालाच माहीत नाही, मायाप्पा. फुप्फुस गेलंय म्हणणाऱ्यांनाही नाही, आणि मलाही नाही."

ते बराच वेळ जमिनीवर काडीने रेघा ओढत बसले.

"डाक्टर नगं म्हणला, तर तुमी हा डबा घिऊन ह्या अंगणात पुन्हा यायचं न्हाई. आन् हिनं पुन्हा पपईला हात लावायचा न्हाई."

ललिताने मान हलवली. मग मीही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते, पण फोटो हातात आल्यावर घाई विसरले. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि ललितालाच जवळ बोलावलं.

"हे उजवं, हे डावं. मोजून घे. दोन आहेत."

"आन् ही पांढरी रेघ?" तिने विचारलं.

"जखम भरली त्याची खूण. गुडघा फुटल्यावर वण राहतो ना, तसा. आजार नाही तो." त्यांनी तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून दोन्हीकडे पुन्हा पुन्हा ऐकलं, थुंकीची तपासणी करून घेतली, वजन पाहिलं, मग मायाप्पांकडे वळले. "काय वाजवायचंय म्हणालात?"

"सूर. सनईचा."

"वाजवू दे. खोकला आला, ताप आला, वजन उतरलं, तर वाट न बघता त्याच दिवशी घेऊन यायचं. वर्षातून एकदा मी बोलावलं नाही तरी यायचं. आणि तुमचा तो खोकला कसला? बिडीचा? बसा इथं, तुमचाही फोटो काढू."

"माझा कशाला? मला काय वाजवायला बंदी हाय?"

"आप्पा, बसा," ललिता म्हणाली. ते बसले. त्यांच्या फोटोत काही निघालं नाही. बिडीवरून मात्र डॉक्टरांनी त्यांना लेकीसमोर फैलावर घेतलं.

परतीच्या एसटीत मायाप्पा दोन्ही फोटोंचं पाकीट मांडीवर आडवं धरून बसले होते, सनईची पेटी धरावी तसं. निम्मी वाट गेल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघतच लेकीला विचारलं,

"काकाच्या सुराची फुकायची पत्ती कोरडी पडली असंल न्हवं?"

"न्हाई. मी भिजवून ठेवते रोज."

"रोज!" ते म्हणाले. पुढे गावाची कमान दिसली. उतरताना थांबले. "मंगळवारी शेजारच्या वाडीत लग्न हाय. मारुतीपासनं मांडवापर्यंत. सूर तू धर. पर ऐक. छातीत कुटं बी वढलं, ठसका आला, डोळ्यापुढं अंधारलं, तर सोडायचा. लोक काय बी म्हणू देत. अपशकुन म्हणू देत. मी हाय. सोडायचा म्हंजी सोडायचा."

"व्हय, आप्पा."

"आन् बाई, तुमी बी या."

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून गेले. मारुतीच्या देवळापुढे नवरदेव शेला-फेट्यात घामाघूम होऊन उभा होता. ललिता निळ्या परकर-पोलक्यात वडिलांच्या डाव्या हाताला, संबळवाल्याच्या पुढे. तिला ताफ्यात बघून वऱ्हाडात कुजबूज झाली. नवरदेवाचा मामा मोठ्याने म्हणाला,

"काय मायाप्पा, पोरीला उभं केलंस? गडी संपले व्हय गावातले?"

"गडी हायेत की ढिगानं, पाव्हणं. दम न्हाई एकात."

"मधीच तुटला सूर तर?"

"तर तुमी धरा."

लोक हसले. मायाप्पांनी सनईची पत्ती ओठांत धरून भिजवली, लेकीकडे पाहिलं आणि मान हलवली. आधी सूर निघाला, बारीक, सरळ, कुठेही न थरथरता. तो स्थिर झाल्यावर त्याच्यावर सनई चढली. नवरदेव देवळाची पायरी उतरला. मी मनगट वळवून घड्याळ पाहिलं आणि वऱ्हाडाच्या कडेने चालू लागले.

देवळापासून मांडव दिसत होता. सरळ चाललं असतं तर पाच-सात मिनिटांची वाट. पण नवरदेवाचे मित्र पुढे नाचत होते आणि दर दहा पावलांवर गोल करून थांबत होते. त्यांना कोणी ढकललं की चार पावलं पुढे, पुन्हा थांबा. मायाप्पा एक चीज संपवून दुसरी उचलत होते. मधे ते मोकळा श्वास घेऊ शकत होते. सुराला मोकळीक नव्हती. मी ललिताच्या नाकपुड्यांकडे बघत होते. मिटल्या. उघडल्या. मिटल्या. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात रिकामा नव्हता.

चावडीपाशी फटाक्यांची माळ लागली.

धूर आमच्याच अंगावर आला. संबळवाला खोकला. मी तोंडावर पदर घेतला. ललिताचे डोळे पाण्याने भरले, गाल एकदम आत गेले, आणि सूर बारीक झाला, केसाएवढा. मायाप्पांची सनई चालू होती, पण बोटं एकाच जागी फिरत राहिली, पुढची जागा घेईनात. ते वाजवता वाजवताच फिरले, धुराकडे पाठ करून तिच्यासमोर उभे राहिले आणि उलट्या पावलांनी चालू लागले. लेकीच्या तोंडाकडे बघत. त्यांनी मान आडवी हलवली: सोड.

तिने सोडला नाही. डोळे मिटले, सावकाश नाकाने ओढलं, पडवीतल्या पहिल्या श्वासाहूनही सावकाश, आणि सूर पुन्हा भरला. मायाप्पा तसेच उलटे चालत राहिले. मग त्यांच्या सनईने पुढची जागा घेतली.

नाचणाऱ्यांतला एक जण मागे वळून बघायला लागला, मग दुसरा. नाच आपोआप सुटला आणि वऱ्हाड सरळ चालू लागलं. मामा पुढे होऊन वाट करून देत होता, "सरका, सरका" म्हणत. मांडवाच्या दारात सवाष्णी ओवाळायला उभ्या होत्या. नवरदेवाने उंबऱ्याशी पाय ठेवला. मायाप्पांनी चीज आवरली आणि सनई खाली घेतली.

सूर चालूच होता. सगळी माणसं गप्प उभी होती आणि तो एकटाच चालू होता. मायाप्पांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तिने डोळे उघडले आणि ओठ बाजूला केले.

मी घड्याळ पाहिलं. देवळाच्या पायरीपासून मांडवाच्या दारापर्यंत सव्वीस मिनिटं, दहा सेकंद. सूर एकदाही तुटला नव्हता.